आकाशातली घेरी

गेल्या पंधरा ऑगस्टची गोष्ट. आमच्या शाळेच्या पटांगणावर मुले रांगांनी उभी होती. पाहुणे यायला उशीर झाला होता, पावसाने उघडीप दिली होती आणि ऊन चटके देत होते. ‘सावधान’चा हुकूम देऊन पाऊण तास होऊन गेला असेल. इतक्यात आठवीच्या रांगेतला सगळ्यांत पुढचा, सगळ्यांत उंच मुलगा, संचलनात झेंडा धरायला ज्याची निवड झाली होती तोच, पांढराफटक पडला आणि तोडलेल्या केळीसारखा जमिनीवर आला.

एकच गलका झाला. दोघातिघांनी त्याला बगलेत हात घालून उभे करायची खटपट चालवली. तेवढ्यात आमच्या शाळेचे जुने शिपाई, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, ते धावत आले. “गुरुजी, पोराला उभं करू नका. आडवं पडू द्या,” असे म्हणून त्यांनी त्याचे पाय उचलून एका बाकड्यावर ठेवले. मिनिटभरात मुलाने डोळे उघडले. झेंडा दुसऱ्याच्या हाती गेला होता. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, “भित्री भागूबाई!” पोरे हसली. आणि मला सांगायला लाज वाटते, वाचकहो, की मीही हसलो.

तो मुलगा त्यानंतर पुढच्या रांगेत कधी उभा राहिला नाही. त्याचे नाव मी येथे सांगत नाही. त्याला आधीच पुष्कळ सोसावे लागले आहे.

संध्याकाळी ही हकिकत मी माझ्या बालमित्राला सांगितली. तो आमच्याच गावात डॉक्टरकी करतो. तो हसला नाही. म्हणाला, “अरे, तुझ्या भागूबाईला सोबत फार मोठमोठ्यांची आहे. लढाऊ विमाने चालवणारे, छातीवर पदके मिरवणारे वीर असेच बेशुद्ध पडतात. कारणही एकच. तू कादंबऱ्या लिहितोस ना? मग हे जरा वाच.” असे म्हणून त्याने दोन जाड पुस्तके माझ्यापुढे टाकली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मराठी शिकवणारा माणूस. पण रात्री जागून ती वाचली, अडले तेथे त्याला विचारले, आणि जे हाती लागले ते माझ्या भाषेत येथे मांडतो आहे.

गोष्टीचा आरंभ विमानापासून नव्हे, एका घोडीपासून होतो. इंग्लंडात स्टीफन हेल्स नावाचा एक धर्मोपदेशक होता. रविवारी प्रवचन करावे आणि उरलेल्या वेळात निसर्गाची मापे घ्यावीत, असा त्याचा नेम. रक्त शरीरात फिरते हे विल्यम हार्वेने १६२८ सालीच ग्रंथ लिहून सांगितले होते; पण ते किती जोराने फिरते हे कोणी मोजले नव्हते. हेल्सने एका घोडीला आडवे बांधले, तिच्या रोहिणीत पितळी नळी घातली आणि त्या नळीला उंच काचेची नळी जोडून उभी धरली. रक्त त्या नळीत उसळत, हेलकावत चढले आणि हृदयाच्या वर आठ फूट तीन इंचांवर जाऊन थांबले. १७३३ साली त्याने हा प्रयोग प्रसिद्ध केला. रक्तदाबाचे हे पहिले मोजमाप.

आपल्याला आज डॉक्टर रक्तदाब सांगतात तो पाऱ्याच्या मिलिमीटरांत. १२० आणि ८० हे आकडे आता घरोघरी पाठ झाले आहेत. त्या दोहोंची सरासरी धरली आणि पाऱ्याऐवजी हेल्ससारखी रक्ताचीच नळी उभी केली, तर निरोगी माणसाचे रक्त सुमारे चार फूट चढते. हा चार फुटांचा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढची सारी कथा त्यावरच उभी आहे. कारण आपला मेंदू हृदयापासून सुमारे एक फूट उंचीवर आहे. म्हणजे देवाने आपल्याला एक मजल्याचे घर दिले आणि चार मजल्यांपर्यंत पाणी चढवणारा पंप बसवून दिला. जमिनीवर वावरणाऱ्या प्राण्याला एवढी शिल्लक पुष्कळ झाली. जिराफाची मान सहा फुटांच्या घरातली. म्हणून त्याच्या हृदयाला आपल्या दुपटीच्या आसपास दाब निर्माण करावा लागतो, आणि पायात रक्त साचू नये म्हणून त्याच्या पायांची कातडी घट्ट मोज्यासारखी आवळून बसवलेली असते. हा मोजाही ध्यानात असू द्या.

आता विमानाकडे वळू. पाण्याने भरलेली बादली हाताने गरगर फिरवली तर डोक्यावर उलटी आली तरी पाणी सांडत नाही, हा खेळ आपण सर्वांनी लहानपणी केलेला आहे. जत्रेत ‘मौत का कुआँ’ लागतो. त्यातला फटफटीवाला उभ्या भिंतीवरून धावतो आणि पडत नाही. वळणात वेगाने जाणारी वस्तू बाहेरच्या बाजूला दाबली जाते, तिचे वजन वाढल्यासारखे होते. विमान वेगाने वळले किंवा सूर मारून एकदम वर उचलले, की तेच घडते. वैमानिक आसनावर दाबला जातो. आपले नेहमीचे वजन म्हणजे एक ‘जी’. पाच जीचे वळण घेतले तर साठ किलोचा माणूस तीनशे किलोचा होतो. हात उचलवत नाही, गाल ओघळतात, पापण्या जड होतात.

पण हाडे-मांस जड झाले एवढ्याने भागत नाही. रक्तही जड होते! एक फुटाचा रक्ताचा स्तंभ दोन जीला दोन फुटांच्या वजनाचा होतो, तीनला तीन फुटांच्या. पंपाची ताकद चार फुटांची. म्हणजे चार-साडेचार जीच्या आसपास हृदय धडधडत असूनही रक्त मेंदूपर्यंत पोचत नाही. शिवाय तेच जड रक्त पोटात आणि पायांच्या नीलांत उतरून साचते, हृदयाकडे परत यायला कचरते. विहिरीत पाणीच नाही, मग रहाट कितीही फिरवला तरी काय उपयोग?

हे गणित मी वहीवर मांडले, आणि मग इतिहासाची पाने उलटली तेव्हा चकितच झालो. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हेन्री हेड या इंग्रज डॉक्टराने वैमानिकांच्या तक्रारी गोळा केल्या. त्यांत एका वैमानिकाने सांगितले होते की, आवळ वळण घेताना आकाश करडे होत गेले, धुके दाटले आणि आपण बेशुद्ध झालो. त्या वळणाचे माप भरले सुमारे साडेचार जी. पुढे १९२४ साली अमेरिकेत जिमी डूलिटल या धाडसी वैमानिकाने विमानात मापनयंत्र बसवून मुद्दाम जीवघेणी वळणे घेतली. क्षणभरासाठी त्याने ७.८ जी सोसले; पण ४.७ जी काही वेळ टिकवून धरताच त्याच्या डोळ्यांपुढे अंधार झाला. मन जागे होते, हात सुकाणूवर होते, दिसत मात्र काही नव्हते. साडेचार काय, ४.७ काय! एका धर्मोपदेशकाच्या नळीने जे सांगितले होते तेच आकाशात घडत होते.

आधी डोळेच का जातात, याचेही उत्तर सोपे आहे. डोळ्याचा गोळा आतून फुगलेला असतो, त्याचा स्वतःचा दाब असतो. त्यावर मात करूनच रक्ताला आत शिरावे लागते. म्हणून दाब घसरू लागला की प्रथम रंग उडतात, मग कडेचे दिसेनासे होते, जणू बोगद्यातून पाहावे तसे, मग काळोख. आणि त्यानंतर मेंदू मिटतो. करडा, काळा आणि मग काहीच नाही, अशी ही उतरण.

डूलिटलला कोणी भित्री भागूबाई म्हणेल काय? १९४२ साली टोकियोवर पहिला हवाई हल्ला नेणारा तो हाच. पण घेरी येणे म्हणजे काळजाचा कच्चेपणा, ही समजूत जुनी आणि चिवट आहे. वैमानिकसुद्धा तिच्यातून सुटलेले नाहीत. आपण बेशुद्ध झालो होतो हे कळवले तर विमान हातून जाईल, या धास्तीने अनेकांनी तोंड मिटून ठेवले. सूर मारून बाँब टाकणारी विमाने तीसच्या दशकात आली, तेव्हा हा प्रश्न लष्करांच्या गळ्याशी आला. जर्मनांनी आपल्या ‘स्टुका’ विमानात बाँब टाकल्यावर विमान आपोआप वर उचलणारी योजनाच बसवली. कारण त्या क्षणी चालकाला दिसत असेलच याची खात्री नव्हती.

उपाय शोधणारी माणसे मात्र बहुतेक साधी होती, आणि त्यांचे मला फार कौतुक वाटते. अमेरिकन शल्यविशारद जॉर्ज क्राइल याने १९०३ साली हवा भरलेला रबरी पोशाख तयार केला होता; शस्त्रक्रियेत रोग्याचा रक्तदाब उतरला की तो फुगवून पाय-पोट आवळायचे आणि रक्त वर ढकलायचे. तो विमानासाठी नव्हता. पण बीज तेच. १९४० साली ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठातील प्राध्यापक फ्रँक कॉटन यांनी लढाऊ वैमानिकांसाठी असाच हवेचा पोशाख योजला. कॅनडात टोरांटोला विल्बर फ्रँक्स यांनी त्याच सुमारास पाण्याचा पोशाख केला.

फ्रँक्स यांची गोष्ट मोठी रंजक आहे. ते मुळात कर्करोगावर संशोधन करणारे. नमुने गरगर फिरवताना त्यांच्या काचेच्या नळ्या फुटत. त्यावर त्यांनी युक्ती केली होती की नळी पाण्यात तरंगती ठेवायची. मग त्यांनी उंदरांना पाणी भरलेल्या रबरी पिशव्यांत ठेवून फिरवले. उंदीर शंभराहून अधिक जी सोसून जिवंत राहिले! बाहेरचे पाणीही तितकेच जड होऊन चहूबाजूंनी दाबते, त्यामुळे आतले रक्त खाली पळू शकत नाही. फ्रँक्स यांनी शिंप्याकडून आपल्या मापाचा पोशाख शिवून घेतला, त्यात पाणी भरले आणि १९४० साली स्वतःच विमानात जाऊन बसले. गंमत अशी की माप घेतले होते उभ्याने, आणि विमानात बसावे लागते! वळण सुरू होताच पोशाखाने त्यांना असे आवळले की आता आपले दोन तुकडे होतात असे त्यांना वाटले. पण डोळ्यांपुढे अंधार आला नाही. १९४२ च्या नोव्हेंबरात उत्तर आफ्रिकेवरील मोहिमेत ब्रिटिश नौदलाच्या वैमानिकांनी हा पोशाख लढाईत वापरला. फ्रँक्स यांच्या पाठीशी उभे होते इन्सुलिनचे सहसंशोधक फ्रेडरिक बँटिंग. हा पोशाख लढाईत गेलेला पाहायला ते उरले नाहीत. १९४१ च्या फेब्रुवारीत युद्धसंशोधनाच्या कामासाठी इंग्लंडला निघाले असता न्यूफाउंडलंडमध्ये विमान कोसळून त्यांचा अंत झाला.

पाण्याचा पोशाख जड आणि उकाड्याचा. शेवटी हवेचाच टिकला. आजही पोटावर एक, मांड्यांवर दोन आणि पोटऱ्यांवर दोन अशा फुगणाऱ्या पिशव्यांचा तो असतो. जिराफाचा मोजा माणसाने शिवून घेतला, दुसरे काय!

पण पोशाखाने एक-दीड जीचीच भर पडते. खरी भर कशाने पडते ते अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये अर्ल वुड आणि त्यांच्या सोबत्यांनी दुसऱ्या महायुद्धात शोधले. त्यांच्याकडे माणसाला गरगर फिरवणारा अजस्र पाळणा होता. त्यात बसायला माणसे कोठून आणायची? ही मंडळी स्वतःच बसली. स्वतःच्या रोहिणीत सुई टोचून घेतली, कानाच्या पाळीला प्रकाशाने नाडी पाहणारे यंत्र लावले आणि पुनःपुन्हा आपले डोळे मिटू दिले. वुड स्वतः बाँबफेकी विमानात मागच्या आसनावर बसून प्रयोग करीत. त्यांना आढळले की सगळे स्नायू ताठ करून, कंठ अर्धवट आवळून, जोर लावत श्वास सोडला तर रक्तदाब झपाट्याने चढतो आणि दृष्टी टिकते. आपल्याकडे हमाल पोते पाठीवर घेताना ‘हं!’ करून दम धरतो, त्याचीच ही शास्त्रीय आवृत्ती. आजचा वैमानिक पाय-पोट आवळून दम धरतो आणि दर तीन सेकंदांनी झटकन श्वास बदलतो. त्याने तीन जीच्या घरात शिल्लक वाढते. नऊ जीचे वळण म्हणजे एक प्रकारची कुस्तीच. नुसते बसून राहिलेल्याचे ते काम नव्हे.

वुड यांच्या त्या कानाच्या यंत्राची वंशावळ फार दूर जाते. रक्तातला प्राणवायू कानाच्या पाळीतून मोजण्याचे साधन त्यांनी सुधारले. पुढे १९७४ साली जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी नाडीच्या ठोक्यावरून ते मापन अचूक करण्याची युक्ती काढली. आणि २०२० - २१ च्या करोनाच्या काळात ज्या चिमटीत बोट घालून आपण घरोघरी आकडा वाचत होतो, ती याच घराण्यातली. वैमानिकांसाठी केलेली खटपट अशी आजीच्या उशाशी येऊन पोचली.

येथे एक प्रश्न माझ्या मनात आला. हृदय एवढे शहाणे, तर ते आपण होऊन सावरत नाही काय? सावरते! गळ्याजवळच्या रोहिणीच्या भिंतीत दाबाचे पहारेकरी बसलेले आहेत. दाब उतरला की ते हाक देतात; हृदयाचे ठोके मिनिटाला दीडशेच्या वर जातात, रक्तवाहिन्या आवळतात आणि दाब पुन्हा चढू लागतो. पण या कामाला सहा ते दहा सेकंद लागतात. आणि मेंदूजवळ शिदोरी असते चार-सहा सेकंदांची! सारा धोका या फटीत आहे. जुनी विमाने जी हळूहळू वाढवीत, त्यामुळे करडा, काळा असा इशारा मिळे. नऊ जीपर्यंत जाणारी नवी विमाने सत्तरच्या दशकात आली. ती क्षणार्धात वळतात, तेव्हा इशारा न देताच शुद्ध जाते. बारा-पंधरा सेकंद माणूस नसल्यासारखा, आणि पुढे जवळपास तितकाच वेळ गोंधळलेला. तासाला नऊशे किलोमीटर वेगाचे विमान तेवढ्यात सहा किलोमीटर जाते; तेही कदाचित जमिनीच्या दिशेने.

२०१६ साली अमेरिकेत अ‍ॅरिझोनावर असेच घडले. शिकाऊ वैमानिकाने ८.३ जीचे वळण घेतले आणि त्याची शुद्ध हरपली. विमान नाक खाली करून जमिनीकडे धावत सुटले. दुसऱ्या विमानातला शिक्षक ओरडत होता, पण ऐकणारा जागा नव्हता. शेवटी विमानातल्या यंत्रणेनेच विमान उलटे फिरवून वर उचलले, आणि तेवढ्यात चालकालाही जाग आली. शिक्षकाची ती हाक कशी असेल, हे कोणाही मास्तराला कळेल.

आपल्याकडे १९५७ साली बंगळूरला हवाई दलाची वैमानिक-वैद्यकाची संस्था निघाली. तिच्याकडेही माणसांना फिरवणारा पाळणा आहे. १९८४ साली अंतराळात गेलेले राकेश शर्मा यांच्या निवडीच्या वैद्यकीय परीक्षा तेथेच झाल्या. २०१६ साली हवाई दलात पहिल्या तीन स्त्रिया लढाऊ वैमानिक म्हणून दाखल झाल्या, तेव्हा ‘बायकांना हे सोसेल का?’ असे कुजबुजणारे लोक मला भेटले होते. पाळण्यावरच्या मोजमापांनी त्याचे उत्तर आधीच दिले होते: स्त्री-पुरुष म्हणून या सोसण्यात फरक पडत नाही. हृदयापासून डोळ्यांपर्यंतचे अंतर मात्र पडते कामी. ते जितके थोडे, तितके रक्त सोपे चढते. म्हणजे या एका बाबतीत उंच माणूस तोट्यात!

हे वाक्य वाचले आणि मी पुस्तक मिटून बसलो. रांगेतला सगळ्यांत उंच मुलगा माझ्या डोळ्यांपुढे आला. पटांगणावर जी एकच होता हे खरे. पण पाऊण तास न हलता उभे राहिल्याने त्याचे रक्त पायांत उतरले होते. उन्हाने शिरा सैल झाल्या होत्या. आणि सावधानात पोटऱ्या न हलल्यामुळे ते वर चढवणारा दुसरा पंप बंद पडला होता. आकाशात जे पाच सेकंदांत घडते तेच त्याच्या शरीरात पाऊण तासात घडले. त्यात भीतीचा अंशही नव्हता. उलट, ‘हलायचे नाही’ हा हुकूम त्याने इतरांपेक्षा अधिक इमानाने पाळला होता. जी पोरे हळूच पाय बदलत होती ती शाबूत उभी राहिली.

आणखी एक गोष्ट. अंतराळवीरांना यानात उभे किंवा ताठ बसवत नाहीत, पाठीवर निजवतात. १९६१ साली युरी गागारिन परतताना आठ जीच्या आसपास दाब सोसून आला, तो असाच पहुडलेला. हृदय आणि मेंदू एका पातळीत आले की रक्ताला चढच उरत नाही. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी इतक्या पाळण्यांनंतर काढलेला हा निष्कर्ष आमच्या मामांनी त्या दिवशी एका वाक्यात सांगितला होता: “उभं करू नका. आडवं पडू द्या.”

दुसऱ्या दिवशी मी आठवीच्या वर्गात बादली घेऊन गेलो. तासभर मराठीचे पुस्तक उघडले नाही. बादली फिरवली, थोडे पाणी माझ्याच धोतरावर सांडले, पोरे हसली. मग फळ्यावर चार फूट आणि एक फूट मांडले, डूलिटलची गोष्ट सांगितली. शेवटी त्या मुलाकडे पाहून म्हणालो, “त्या दिवशी मी हसलो, ती माझी चूक झाली.” तो काही बोलला नाही. मान खाली घालून बाकावरची रेघ नखाने कोरीत राहिला. मागून मात्र कोणी हसले नाही.

२६ जानेवारीला आता फार दिवस नाहीत. मी मुलांना सांगून ठेवले आहे: सावधानात उभे असताना बुटातल्या बुटात बोटे हलवीत राहा, पोटऱ्या आवळा आणि सोडा, डोळ्यांपुढे करडे दिसू लागले तर लाज न धरता खाली बसा. झेंडा कोणाच्या हाती द्यायचा ते अजून ठरलेले नाही. माझ्या मनात ज्याचे नाव आहे तो काल तालमीला पुढच्या रांगेत येऊन उभा राहिला होता, आणि त्याच्या बुटांची टोके हळूहळू हलत होती.